एडनला आठ वाजले तेव्हा

कल्पना करा, पोरांनो, की तुमच्या गावात एकही घड्याळ नाही. भिंतीवर नाही, मनगटावर नाही, कोणाच्या खिशातसुद्धा नाही. तरी कोणालाही विचारा, किती वाजले, तर तो आकाशाकडे न बघता खाडीकडे बघेल आणि सांगेल, "पाणी चढतंय," नाहीतर "पाणी भरलं," नाहीतर "सुकती लागली." सुकती म्हणजे ओहोटी. त्या गावात माणसं पाण्यावर उठत, पाण्यावर जेवत आणि पाणी बघून लग्नाचं वऱ्हाड काढत.

आता ते गावही डोळ्यांपुढे आणा. ठाण्याच्या खाडीच्या उगवतीकडच्या काठावर, रबाळे आणि दिघा यांच्यामध्ये, कांदळवनाला पाठ लावून बसलेली पंधरा-वीस कौलारू घरं. नाव कांदळपाडा. आज तिकडे कारखान्यांची रांग आहे, ती घटकाभर विसरा. समोर पाणी, पाण्यापलीकडे भांडुपची मिठागरं आणि त्यांच्यामागे आगगाडीचा धूर. पलीकडे दिवा लागला तर अलीकडे दिसे, इतकंच अंतर. पण ठाण्याला वळसा घालून पायी यायचं म्हटलं तर अर्धी रात्र जाई.

म्हणून पाड्याची माणसं खाडी ओलांडत. भरतीला होडीनं आणि खोल सुकतीला पायांनी. गाळाच्या पोटात एक कडक पट्टा होता, त्याला ते उतार म्हणत. पाणी पार ओसरलं की त्या पट्ट्यावरून चालत यायचं, मधे कमरेइतकं पाणी लागायचं, बस. उताराच्या अलीकडच्या तोंडाशी एक सागाचा खांब होता आणि त्याला लोखंडी आकडा. घरचं माणूस पलीकडून येणार असलं की त्या आकड्याला कंदील टांगत. कंदील दिसला तर उतार मोकळा आहे, या. नाही दिसला तर पाण्यात पाय घालायचा नाही, होडी येईपर्यंत बांधावर थांबायचं. ही खूण तीन पिढ्यांची होती आणि पाड्यातल्या माणसाला ती श्वासाइतकी अंगवळणी पडलेली होती.

पण उतार आता उतार राहिला नव्हता. दोन पावसाळ्यांमागे कळव्याकडून वाळू काढणाऱ्यांच्या होड्या खाली आल्या आणि त्यांनी नेमका तोच पट्टा मधोमध पोखरला. वरून काही दिसत नसे, तसाच गाळ, तसंच पाणी. पण पाड्यातला एक बैल तिथे गेला तो परत आला नाही. आधी पाय, मग पोट, मग शिंगं, आणि मग नुसते बुडबुडे. त्या दिवसापासून उतार बंद झाला आणि आकडा गंजत राहिला.

हे पाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त एका माणसाला, कारण तो तीन वर्षं अरबस्तानातल्या एडनला होता.

त्याचं नाव गोवर्धन. तिथल्या बंदरात तो लाँचवर काम करायचा. घरी त्याचा बाप बाळाराम, बायको शांती आणि चौथीत शिकणारी मुलगी गोजरा. गोष्ट गोजराची आहे, म्हणून तिच्याकडे नीट बघा. सावळी, काटकुळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि मनात काही आलं की ते ओठांवर आल्याशिवाय राहत नसे.

ते वर्ष सुवेझच्या लढाईचं. कालवा बंद पडला, एडनला जहाजं यायची थांबली आणि लाँचवाल्यांना काम उरलं नाही. कंपनीनं माणसं परत पाठवायला काढली, तीही विमानानं. ही बातमी पाड्यात आणली नामदेवनं. हा दिघ्याचा. सांताक्रूझच्या विमानतळावर तो सामान चढवायचं-उतरवायचं काम करी, त्यामुळे विमानांविषयी पाड्यात शेवटचा शब्द त्याचा असे.

"आदल्या खेपेला एक खलाशी उतरला," ओटीवर बसून नामदेव म्हणाला. "तो बोलला, बाळाराम तांडेलांना सांगा, गोवर्धन येत्या गुरुवारच्या विमानात हाय."

शांती दाराआड उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला. म्हाताऱ्या बाळारामनं मात्र विडी पेटवायला घेतली आणि ती तीनदा विझली.

"किती लांब हाय रं ते एडन?" त्यानं विचारलं.

"एकोनीसशे मैल."

"मैल नको सांगू मला. मैल काय पान्यावर लिवलेले असतात? येल सांग."

"सात तास."

"सात?" बाळाराम हसला. "नामदेवा, तू सामान उचलतोस का गांजा ओढतोस? पोरगा गेला तवा बोटीत आठवडा काढला त्यानं. आनि आता एक भरती चढून उतरायला लागायच्या आत घरी?"

"तांडेल, तुमची होडी वल्ह्यावर चालते. त्याला चार पंखे असतात. शेपटीला तीन पाती, उभी, बघाल तर वळखाल. आनि ते उतरतं कुठून म्हाईत हाय? दुपारचा वारा दर्यावरनं आला की ते वळसा मारून तुमच्याच डोक्यावरनं उतरतं."

गोजरा आजोबांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिनं विचारलं, "आनि तेल संपलं तर?"

"सातासाठी दहा तासांचं भरतात, पोरी."

"आनि दहाच्या पुढं?"

नामदेवनं टोपी काढून डोकं खाजवलं. "पुढं मंग खाली दर्या हाय," तो म्हणाला.

शेजारची धोंडूबाई सुपात सुकट निवडत होती. ती म्हणाली, "संध्याकाळच्या येळेला काय इचारावं, काय इचारू नये, हे या पोरीला कोनी शिकवलंच नाय."

उठता उठता नामदेवनं शेवटची गोष्ट सांगितली. "एडनला सकाळी आठला उडतं. पन तिथलं घड्याळ आनि आपलं घड्याळ एक नाय हां. अडीच तासांचा फरक हाय. तेवढा धरा." आणि तो गेला. त्याला मेहुणीच्या लग्नाला पनवेलच्या पुढे जायचं होतं, तो आठवडाभर परतणार नव्हता.

पोरांनो, इथे जरा थांबा. अडीच तासांचा फरक म्हणजे पुढे की मागे? एडनला आठ वाजले तेव्हा पाड्याला साडेपाच वाजले होते की साडेदहा? नामदेवनं सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. विचारायची गरजच कोणाला वाटली नाही, कारण उत्तर त्यांना ठाऊक होतं.

बाळारामनं काठीनं अंगणातल्या मातीत खाडी काढली. "गोजरे, भरती आधी कुठं लागते?"

"उरनला."

"मंग?"

"मंग वाशीला. मंग आपल्याला. मंग दिघ्याला."

"म्हंजे जो दर्याच्या जवळ, त्याला आधी. वारा कुठून येतो? दर्याकडनं. पाऊस? दर्याकडनं. बोंबील? तोबी दर्याकडनं. आनि एडन कुठं हाय? पार दर्याच्या त्या टोकाला. मंग येल आधी कोनाला लागनार?"

"एडनला."

"शाब्बास. म्हंजे त्यांचं घड्याळ पुढं, आपलं मागं. त्यांचे आठ, तर आपले?"

गोजरानं बोटांवर वजाबाकी केली. "साडेपाच."

"त्यात सात घाल."

"साडेबारा."

बाळारामनं मान डोलावली. गुरुवार म्हणजे अमावास्येनंतरचा दुसरा दिवस होता. दुपारी भरतीचं पाणी काठोकाठ असणार होतं. साडेबाराला विमान उतरलं तर सामान सोडवून, आगगाडी धरून गोवर्धन पाणी असेपर्यंत भांडुपच्या बांधावर पोचला असता.

"देवानंच येल जुळवून दिली," म्हातारा म्हणाला. मग आवाज खाली करून सुनेला म्हणाला, "पन होडी घेऊन मी पलीकडं उभा असलोच पायजे, शांते. त्याला वाळूच्या खड्ड्याचं ठाव नाय. पानी नसलं, मी दिसलो नाय आनि काठावर कोनाचा दिवा दिसला, तर तो पठ्ठ्या सरळ उतारात घुसंल. लहानपनापासून अंधारात आलाय गेलाय तो त्या वाटेनं."

तेवढंच एक भय त्या घराला होतं. विमानाचं भय त्यांना अजून वाटत नव्हतं, कारण विमान कसं पडतं हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. उतार कसा गिळतो, हे पाहिलेलं होतं.

गुरुवार उजाडला. सकाळपासून हवा थांबलेली होती आणि खाडी तेल ओतल्यासारखी गुळगुळीत पडली होती. बाळाराम नवं धोतर नेसून, पाणी भरायच्या आधीच होडी घेऊन पलीकडे गेला. शांतीनं तांदळाच्या भाकरी थापल्या, जिताड्याचं कालवण केलं. गोजरा खांबापाशी बसून आकाशाकडे बघू लागली.

पलीकडच्या मिठागरात दुपारची घंटा झाली. पाणी कांदळाच्या मुळांवर चढलं, मग फांद्यांना टेकलं. वारा पडला होता तो दर्याकडून पुन्हा सुटला. एक विमान आलं, पण दोन पंख्यांचं, छोटं. मग पुष्कळ वेळ नुसत्या घारी. गोजराची मान अवघडली. शांती मधूनमधून दारात येई आणि काही न विचारता आत जाई.

पाणी उभं राहिलं. मग कांदळाच्या फांद्यांवर ओली रेघ दिसायला लागली. सुकती लागली होती.

गोजरा मनात मोजत होती. मोजणं तिला आवडे, पण त्या दिवशी तिला ते थांबवता येईना. साडेपाचाला उडालं. सात तास, साडेबारा. दहा तास, साडेतीन. त्याच्या पुढं खाली दर्या.

उन्हं कलली तेव्हा होडी परत आली. लांबूनच दिसलं की तिच्यात एकच माणूस आहे. पाणी अजून थोडं ओसरलं असतं तर ती गाळात अडकली असती, म्हणजे म्हातारा अगदी शेवटच्या पाण्यापर्यंत थांबला होता. त्यानं होडी काठाला घातली, दोर बांधला आणि तो बांधता बांधता त्याचे हात थांबले. तिथेच, अर्ध्या गाठीवर.

"आजा, इमान नाय आलं," गोजरा म्हणाली.

"ठाव हाय."

"तिकडं कोनाला सांगितलंस का, की बाबा आले तर..."

बाळारामनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पुढचं गिळलं. ज्याला वाटतं की पोरगा पाण्यात गेला, तो पलीकडच्या बांधावर कोणाजवळ काय निरोप ठेवील? त्यानं घरात डोकावूनही बघितलं नाही. "रबाळ्याला दुकानात रेडू हाय, बातमी लागंल," एवढंच बोलला आणि बांधावरून चालू लागला.

पाड्यात काही सांगावं लागत नाही. रिकामी होडी सगळ्यांनी पाहिली होती. एकेक करून बायका आल्या आणि ओटीवर बसल्या. कोणी रडत नव्हतं. चुलीवर कालवण तसंच होतं, त्यावर तवंग धरला. शेवटी धोंडूबाई म्हणाली, "शांते, दिवा टांगायला होवा."

तो दिवा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. पाड्याची रीत होती. पाण्यात गेलेल्या माणसासाठी पहिल्या रात्री उताराच्या खांबाला कंदील टांगायचा. म्हणजे तो जिथे असेल तिथून त्याला घरची वाट दिसते. दिवस उगवेपर्यंत त्या कंदिलाला कोणी हात लावायचा नाही. मधेच जो विझवील, त्यानं गेलेल्याला कायमचं दाराबाहेर ठेवलं, असं मानत.

"अजून बातमी कुठं आली?" शांती म्हणाली.

"बातमी आल्यावर टांगून काय उपेग? पहिली रात मोलाची."

शांती उठली. तिनं कंदिलाची काच राखेनं घासली, तेल भरलं, वात कापली. एखाद्या सणाला करावं तितक्या निगुतीनं तिनं ते केलं. मग ती खांबापाशी गेली, गंजलेल्या आकड्यात कंदील अडकवला आणि काडी ओढली.

त्याच वेळी आवाज आला.

आधी रबाळ्याच्या डोंगरामागून, मग थेट डोक्यावर. गोजरानं वर बघितलं. विमान इतकं खाली होतं की त्याच्या पोटावरचा काळा डाग दिसला. चार पंखे. शेपटीला तीन उभी पाती. मावळतीच्या उन्हात ती तांबूस झालेली. ते पाड्यावरून, खाडीवरून, मिठागरांवरून सांताक्रूझच्या बाजूला उतरत गेलं.

"तीन पाती," गोजरा ओरडली. "आये, तेच हाय. बाबा त्याच्यात हायत."

ओटीवर कुजबुज झाली. मग धोंडूबाई म्हणाली, "असली इमानं रोज जातात, पोरी. लंडनचं असंल. तुझ्या बापाचं तेल दुपारीच संपलं."

धोंडूबाई वाईट नव्हती हो. तिनं स्वतःचे दोन पोरगे दर्याला दिले होते. खोट्या आशेचं दुखणं तिला ठाऊक होतं आणि ते या घराला नको म्हणून ती कठोर बोलली.

धोंडूबाईचं म्हणणं खरं असू शकत होतं. विमानं पुष्कळ असतात. गोजरा उताराच्या तोंडाशी बसून राहिली आणि विमान गेलं तिकडे बघू लागली. तिकडे सूर्य होता. मोठा, लाल, भांडुपच्या टेकड्यांवर टेकलेला. आता बुडणार. बुडून कुठे जाणार? गुरुजींनी शाळेत सांगितलं होतं, सूर्य बुडत नाही, पुढच्या लोकांकडे जातो. पुढचे लोक म्हणजे कोण? टेकड्यांमागे मुंबई. मुंबईमागे दर्या. दर्यामागे एडन.

तिनं मागे वळून रबाळ्याच्या डोंगराकडे बघितलं.

वारा दर्याकडून येतो. भरती दर्याकडून येते. पाऊस, बोंबील, सगळं तिकडून येतं. पण सूर्य तिकडून येत नाही. सूर्य रबाळ्याच्या डोंगरामागून येतो आणि तिकडे जातो. आधी आपल्याला लागतो, मग एडनला. घड्याळ तर सूर्याचं असतं, पाण्याचं नव्हे.

म्हणजे आपलं पुढे. त्यांचं मागे.

तिनं बोटं उघडली. या खेपेला वजाबाकी नव्हती, बेरीज होती. त्यांचे आठ, आपले साडेदहा. त्यात सात. साडेपाच. पलीकडे मिठागराची पाचाची घंटा होऊन थोडाच वेळ झाला होता.

विमानाला उशीर झालाच नव्हता. ते आपल्या वेळेवर, नेमकं त्यांच्या डोक्यावरून गेलं होतं.

आनंदानं ती उठली आणि उठता उठताच तिची नजर खाडीवर गेली. पाणी मधोमध आक्रसलं होतं. दोन्ही काठांना गाळ उघडा पडून चकाकत होता. होडी कलंडून कोरड्यात पडली होती. बाबा सामान सोडवतील, गाडीत बसतील, अंधार पडता पडता बांधावर येतील. तेव्हा सुकती अगदी तळाला असेल. आणि खांबावर कंदील असेल.

कंदील दिसला तर उतार मोकळा आहे, या.

"आये, दिवा काढ," ती धावत जाऊन म्हणाली. "आपलं चुकलंय. सूर्य आधी आपल्याकडं येतो. आजानं उलटं धरलं. बाबा आत्ता उतरले. ते दिवा बघून उतारात येतील."

शांतीनं तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी दाबलं. "गप, माझे बाय," ती म्हणाली. "गप."

"आये, मी मोजलं. खरंच मोजलं."

"तू आजासंगंबी मोजलंस," एक बाई हळूच म्हणाली.

गोजरानं स्वतःच खांबाकडे धाव घेतली, तेव्हा धोंडूबाईनं तिचं मनगट धरलं. म्हातारीचा हात जाळं ओढून ओढून दगडासारखा झालेला होता. "आपल्या बापाला बाहेर ठेवशील?" तिनं विचारलं. "आं? जल्मभर भटकंल तो. बस हितं." आणि तिनं गोजराला ओटीच्या पायरीवर आपल्या गुडघ्यांमध्ये बसवून ठेवलं.

अंधार पडला. अमावास्येनंतरची नखाएवढी कोर केव्हाच मावळली. कंदील तेवढा जळत होता आणि त्याचा पिवळा पट्टा गाळावरून लांब गेला होता, थेट मधल्या पाण्यापर्यंत, जणू कोणी चटई अंथरावी. गोजरा रबाळ्याच्या बांधाकडे बघत होती. आजा आला असता तर त्याला पटलं असतं. आजा एकदा ऐकून घेणारा माणूस होता. पण बांधावर कोणी दिसत नव्हतं. बायका हळू आवाजात गेलेल्या माणसांची नावं घेत होत्या. खेकडे गाळात टकटक करत होते.

मग कोणीतरी म्हणालं, "ते बघा."

पलीकडे, भांडुपच्या बांधावर, उजेडाचा एक ठिपका दिसला. पांढरा. तो हलत होता. थोडा वेळ बांधाच्या कडेनं चालला, मग थांबला. समोरच्या कंदिलाकडे कोणी बघत उभं राहावं तसा थांबला. आणि मग तो सरळ खाली उतरू लागला, गाळाकडे.

ओटीवरच्या एकीनं डोळ्यांवर पदर घेतला.

"आला," धोंडूबाई पुटपुटली. "दिव्यानं बोलावलं त्याला. शांते, बघू नको. कोनी बघू नका. गेलेलं मानूस घरी येताना त्याच्या तोंडाकडं बघायचं नसतं."

सगळ्यांनी माना वळवल्या. शांतीनंसुद्धा. ती भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात कानांवर ठेवून बसली. ज्या माणसासाठी तिनं दिवा लावला होता, तो येत होता, आणि त्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती.

एकटी गोजरा बघत होती. ठिपका गाळात उतरला. एक पाऊल, मग दुसरं. मधेच तो खाली झुकला, जणू कोणी धोतर गुडघ्यांवर खोचत असावं.

"धोंडूआजी," ती म्हणाली, "मेलेलं मानूस बॅटरी कशाला लावंल?"

मान वळवताना म्हातारीनं हातही कानांकडे नेले होते, आणि गोजराचं मनगट सुटलं होतं.

गोजरा धावली. खांब तिच्यापेक्षा उंच होता. तिनं उडी मारली, बोटं कंदिलाच्या बुडाला लागली, कंदील हेलकावला आणि गाळावरचा पिवळा पट्टा इकडून तिकडे लवला. पलीकडचा ठिपका तरी येतच होता. आता तो बांधापासून बराच आत, गाळात आला होता. तिनं खांबाला मिठी मारली, पाय दाबून ती वर सरकली, खांबाला चिकटलेल्या कालवांच्या कवचांनी तिच्या पोटऱ्या कापल्या. आकड्यातून कंदील काढला तेव्हा तापलेल्या काचेनं तिचा तळवा भाजला. मागून आई ओरडली, "गोजरे, नको." ती किंकाळीच होती. त्यात राग नव्हता, नुसती भीक होती.

गोजरानं काच वर केली आणि वातीवर फुंकर मारली.

सगळं काळं झालं. खाडी, घरं, बायका, स्वतःचे हात. एका क्षणासाठी तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल तर? आजाबरोबर मोजलं तेही असंच पक्कं वाटलं होतं. मग आता बाबांना आपणच दाराबाहेर ठेवलं.

मागे शांती जमिनीवर कोसळल्याचा आवाज आला. धोंडूबाई काहीतरी शिव्याशाप देत अंधारात चाचपडत येत होती. गोजरानं कंदील पोटाशी धरला आणि समोर बघितलं.

ठिपका थांबला होता.

तो पुढे येत नव्हता. मागेही जात नव्हता. मधल्या पाण्याच्या पलीकडच्या कडेला, गाळाच्या पोटावर, एका जागी खिळल्यासारखा उभा होता. मग तो वर उचलला गेला, डोक्याच्या उंचीवर, आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरला. नसलेल्या दिव्याला शोधत.

खांबावर दिवा नाही. म्हणजे पाण्यात पाय घालायचा नाही. होडी येईपर्यंत थांबायचं.

पण होडी तर कलंडलेली होती, आजा रबाळ्याला होता, आणि पाणी यायला अजून अवकाश होता. शिवाय ते येईल तेव्हा आधी बाबा उभे होते त्याच गाळावर चढेल. गोजराला हे सगळं एकदम कळलं. हाक तिथवर पोचली नसती, म्हणून ती ओरडली नाही आणि आईकडेही वळली नाही. ती खांबावरून खाली घसरली. विझलेला कंदील तिनं काखेत घट्ट धरला, म्हणजे तो कोणाला परत टांगता येऊ नये. मग गुडघाभर चिखल तुडवत ती आजोबांच्या होडीपाशी गेली, अर्धी राहिलेली दोराची गाठ तिनं सोडली, कलत्या फळीवरून आत चढली आणि वल्हं मांडीवर आडवं घेऊन, पलीकडच्या ठिपक्यावरून नजर न काढता, होडीच्या बुडाखाली भरतीचं पहिलं पाणी वाजायची वाट बघत बसली.